कुत्र्याला उलटी झाली तर: आधी काय बघायचं, मग काय करायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं

कुत्र्याने उलटी केली की बहुतेक घरांत एकच गडबड उडते. कुणीतरी लगेच फरशी पुसून टाकतं. कुणी घरातली पित्ताची नाहीतर तापाची गोळी अर्धी करून त्याच्या घशात सारतं. आणि पोट रिकामं झालं असेल म्हणून आजी वाटीभर दूध-भाकरी पुढे ठेवते. माया खरी असते, पण तिन्ही गोष्टी चुकतात. पुसल्यामुळे डॉक्टरांना दाखवायचं तेच निघून जातं, माणसाची गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि यकृताला इजा करू शकते आणि दूध-भाकरीने तासाभरात पुन्हा उलटी होते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिला टप्पा कुत्रा धडधाकट असतानाच करून ठेवायचा आहे.

## टप्पा १: आजच करून ठेवायची तयारी

एका डब्यात एवढं ठेवा: डिजिटल थर्मामीटर (फक्त कुत्र्यासाठी, वर तसं लिहून), सुई काढलेली १० मिलीची सिरिंज, ओआरएसची साधी पाकिटं, हातमोजे, व्हॅसलीन, तोंड बांधायला मऊ पट्टी. लसीकरणाचं कार्ड त्याच डब्यात. कपाटात खाली एक जाड चादर फक्त याच कामासाठी ठेवा. मोठं कुत्रं उभं राहू शकत नसेल तर दोघांनी चादरीची चार टोकं धरून त्याला उचलता येतं. सोलापुरात चादरीला कुठल्याच घरी तोटा नाही.

कुत्र्याचं वजन कागदावर लिहून ठेवा. औषधाचा, पाण्याचा, सलाईनचा सगळा हिशेब वजनावर चालतो आणि ऐनवेळी ‘पंचवीसेक असेल’ हे उत्तर उपयोगाचं नसतं. वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग त्याला उचलून घेऊन. फरक म्हणजे त्याचं वजन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन नंबर. एक नाही, दोन डॉक्टरांचे. दोघांनाही आत्ताच विचारून ठेवा: रात्री फोन उचलता का? रविवारी बसता का? तुमच्याकडे एक्स-रे आणि सोनोग्राफी होते का? पोटाची शस्त्रक्रिया करता का, की दुसरीकडे पाठवता? जुळे सोलापुरातल्या माणसाला अक्कलकोट रोडचा दवाखाना रात्री उघडा असतो हे उलटी सुरू झाल्यावर कळून फारसा फायदा नाही.

सावधान: ‘काही झालंच तर पुण्याला नेऊ’ या भरवशावर राहू नका. पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. पोट फुगलेलं किंवा विष खाल्लेलं कुत्रं तेवढा प्रवास उपचाराविना सोसेलच असं नाही. आधी गावातच सलाईन, पोटातला वायू काढणं, उतारा, जे शक्य असेल ते करून घ्यायचं. पुढे कुठे न्यायचं हे मग डॉक्टर ठरवतील.

## टप्पा २: पहिली पाच मिनिटं फक्त बघा

मोबाइल काढा आणि व्हिडिओ घ्या. तीस सेकंद पुरे. तोंडातून काही बाहेर आलं की त्याला आपण उलटीच म्हणतो, पण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

खरी उलटी होण्याआधी कुत्रं अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं, वारंवार गिळतं. मग पोट आत-बाहेर जोरात हलतं, उमळे येतात आणि पोटातलं बाहेर पडतं.

दुसऱ्या प्रकारात पोट हलतच नाही. मान खाली घातली आणि खाल्लेलं तसंच्या तसं, कधी लांबट गोळ्याच्या आकारात बाहेर पडलं. हे जठरातून नाही, अन्ननलिकेतून परत आलेलं असतं. फार घाईने खाल्लं तर एखाद्या वेळी होतं. वारंवार होत असेल तर अन्ननलिकेचा दोष किंवा काहीतरी अडकलेलं असू शकतं. अशा कुत्र्याला पोटाच्या गोळ्या देऊन काही साधत नाही, उलट अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते.

तिसरा प्रकार खोकल्याचा. जोरात ढास लागते, शेवटी ‘खॅक’ करून पांढरा फेस पडतो. घरचे सांगतात फेसाची उलटी झाली. असतो श्वासनलिकेचा आजार. व्हिडिओ पाहून डॉक्टरांना हा फरक लगेच कळतो.

सावधान, हे माणसांच्या जिवाचं आहे: कुत्रं घशात हाड अडकल्यासारखं करतंय, लाळ थांबत नाही, गिळता येत नाही, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय किंवा वागणं विचित्र झालंय, आणि रेबीजची लस झालेली नाही किंवा तिची मुदत टळली आहे, तर तोंडात हात घालू नका. हाड शोधायलाही नाही. रेबीजची सुरुवात अशीही दिसते. त्याला एका खोलीत बंद करा, मुलांना लांब ठेवा, डॉक्टरांना फोन करा. लाळ जखमेवर, डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल, चावा किंवा ओरखडा असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा (जखम साबण लावून) आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

## टप्पा ३: पुसण्याआधी ओकलेलं नीट बघा

वरून फोटो काढा. शेजारी एखादं नाणं ठेवलं तर आकाराचा अंदाज येतो. मग हातमोजे घालून थोडं प्लास्टिकच्या पिशवीत घ्या.

- पिवळं, कडू पाणी: पित्त. पहाटे रिकाम्या पोटी एकदाच होत असेल आणि नंतर कुत्रं ठणठणीत असेल तर रात्रीचं जेवण आणि सकाळ यांत फार अंतर पडतंय. झोपण्याआधी दोन घास दिले की बऱ्याचदा थांबतं. दिवसभरात अनेकदा होत असेल तर तपासणी हवी.
- गवत: एकटं गवत पडलं तर चिंता नाही. कुत्री गवत खातातच.
- शेवयांसारखे पांढरे जंत: पिल्लांत नेहमीचं. वजनाप्रमाणे जंताचं औषध डॉक्टरांकडून घ्या.
- लाल रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट: दोन्ही रक्तच. काळपट म्हणजे जठरात पचलेलं रक्त. थांबायचं नाही.
- शेणासारखा वास असलेली तपकिरी उलटी: कुत्र्याने घाण खाल्ली नसेल तर आतडं बंद झाल्याची शक्यता धरायची.
- चमकदार हिरवा, निळा किंवा गुलाबी रंग, दाणे: उंदराचं औषध किंवा किटकनाशक. सरळ टप्पा ५.

वहीत वेळ लिहा. किती वाजता, किती वेळा, काय पडलं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, शेवटची लघवी आणि शी कधी झाली. दवाखान्यात पोहोचल्यावर घरातले चार जण चार वेळा सांगतात आणि डॉक्टरांची दहा मिनिटं त्यातच जातात.

## टप्पा ४: अंगाची तपासणी

हिरड्या. वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. पांढुरकी, पिवळी, निळसर किंवा विटेसारखी लाल असेल तर निघा. काळ्या हिरडीच्या कुत्र्यात खालच्या पापणीच्या आतला भाग बघा.

कातडी. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच सपाट झाली पाहिजे. म्हाताऱ्या आणि हडकुळ्या कुत्र्यांत ही खूण फसवते, तिथे हिरड्यांवरच विश्वास ठेवा.

पोट. दोन्ही हातांनी हलकेच चाचपा. ढोलासारखं ताठ आहे का? दाबलं की कण्हतंय किंवा वळून बघतंय का? पुढचे पाय पसरून छाती खाली आणि मागचा भाग वर ठेवून ताणून उभं राहतंय का? ती पोटदुखीची खूण. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज आली की कुत्री असं करतात.

ताप. थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून घ्यायचा. नाक गरम की गार यावरून काहीही ठरत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मानाने ताप वाटेल एवढं. म्हणून १०१.५ पाहून पॅरासिटामॉल देऊ नका. १०३.५ च्या वर ताप समजा. १०५ च्या वर किंवा ९९ च्या खाली म्हणजे तातडी.

गोचीड. कानात, पायांच्या बोटांत, मानेखाली शोधा. गोचीड सापडली, कुत्रं मलूल आहे, ताप आहे, हिरड्या फिक्या आहेत किंवा लघवी गडद झालीय, तर ही उलटी पोटाची नसून गोचीड तापाची असू शकते. त्याला रक्ततपासणीच लागते. आपल्याकडच्या उष्ण हवेत गोचिडी जवळजवळ वर्षभर त्रास देतात, त्यामुळे ही तपासणी कधीही गाळू नका.

पडताळा: वेळ लिहिली, फोटो काढला, हिरड्या, पोट, ताप आणि गोचीड पाहिलं? तरच पुढे जा. इथपर्यंत तोंडातून काहीही दिलेलं नसावं.

## टप्पा ५: घरी थांबायचं नाही अशा वेळा

खालचं एकही लागू पडलं तर टप्पा ६ सोडा आणि फोन करून निघा.

पोट फुगलंय, उमळे येतायत पण बाहेर काही पडत नाही. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन, लॅब्राडोर अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगतं आणि पीळ खातं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत जीव जातो. इथे सगळ्यात जास्त कुत्री उशिरामुळे हातची जातात, कारण काही पडतच नाही म्हणून घरच्यांना उलटी झाली असं वाटत नाही. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा, ओवा, इनो काही देऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लावा.

पिल्लू. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, लसी अपुऱ्या, उलटीबरोबर पातळ किंवा रक्ताची दुर्गंधी येणारी शी, खाणं बंद: हा पार्व्हो (पिल्लांना होणारा, विषाणूमुळे येणारा जीवघेणा आजार) समजूनच वागायचं. पिल्लू एका दिवसात कोरडं पडतं. ‘एक लस झालीय ना’ हा मोठा गैरसमज आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पूर्ण व्हावे लागतात. तोवर एका लसीचा भरवसा नाही.

विष. सोलापुरात आठवणीने विचारायच्या गोष्टी सांगतो. द्राक्षं आणि बेदाणे: जिल्हा द्राक्षांचा, हंगामात घरात पेटीच असते. कुत्र्यांत द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही; एकाला चार लागतात, दुसऱ्याला वाटीभर पचतात. संशय मुख्यतः टार्टारिक आम्लावर आहे आणि तेच चिंचेतही भरपूर असतं. शेंगाचटणीत लसूण असतो, रश्श्यात कांदा. दोन्हींमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजवल्याने विष जात नाही. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉलही याच यादीत.

उंदराची औषधं वेगवेगळी असतात आणि उपाय त्यावर ठरतो, म्हणून पाकीट सोबत न्या. काळपट भुकटी, झिंक फॉस्फाइड, हिच्यापासून पोटात विषारी वायू तयार होतो. असं कुत्रं ओकलं तर खिडक्या उघडा, वास घेऊ नका, गाडीच्या काचाही खाली ठेवा. आणि त्याला अन्न देऊ नका, त्याने वायू वाढतो. रक्त न गोठू देणाऱ्या औषधाची लक्षणं मात्र दोन ते पाच दिवसांनी दिसतात. आज ठीक दिसतंय म्हणून थांबलात तर उताऱ्याची वेळ निघून जाते. शेतातल्या किटकनाशकाने लाळेचा पूर, बारीक झालेल्या बाहुल्या आणि अंगाला झटके येतात. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरल्यावर एकदम फेस येतो: तोंड खाली करून बाजूने पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका.

सावधान: मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. ॲसिड, फिनाइल, रॉकेल गेलं असेल तर ओकवणं आणखी घातक, परत येताना अन्ननलिका आणि फुप्फुसं भाजतात. ओकवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. काही विषांत पहिल्या एक-दोन तासांतच त्याचा उपयोग असतो, म्हणून लगेच निघणं हाच घरच्यांचा उपाय.

काहीतरी अडकलंय. आखाडातल्या मटणाच्या बेतानंतर शिजलेली हाडं, उन्हाळ्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस, मोजे. आणि आपल्याकडे खास म्हणजे सूत: चादरी-टॉवेलच्या दशा, मागाचे धागे. एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा धागा आतड्यात जातो आणि आतडं चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा दिसला तर ओढू नका. आतडं कापलं जातं. कापूही नका. तसंच न्या.

उन्हाचा झटका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना दुपारी गच्चीवर किंवा बंद गाडीत राहिलेलं कुत्रं धापा टाकतं, लाळ घट्ट होते, ओकतं, तोल जातो. इथे आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत घेऊन सगळ्या अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, उष्णता कोंडते. तापमान १०३ ला आलं की ओतणं थांबवा आणि निघा, भलेही उठून बसलं असलं तरी.

नसबंदी न झालेली मादी. माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, खूप पाणी पितेय, ओकतेय, सुस्त आहे. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. मागून स्राव दिसलाच पाहिजे असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि ते जास्त धोक्याचं.

याशिवाय: काही तासांत तीन किंवा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, सोबत जुलाब, उभं राहता न येणं, गाभण मादी, म्हातारं कुत्रं, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार.

## टप्पा ६: घरी सांभाळायचं असेल तर

हा टप्पा एवढ्यांसाठीच: प्रौढ, लसी पूर्ण, एक-दोनदाच ओकलेलं, हिरड्या चांगल्या, पोट मऊ, ताप नाही, शेपूट हलवतंय.

१. शेवटच्या उलटीनंतर तासभर पोटात काही नको. पाण्याचं भांडंही उचला, नाहीतर तहानेने भांडंभर पिऊन लगेच ओकतं.

२. मग थोडं थोडं पाणी. दहा किलोच्या कुत्र्याला दोन मोठे चमचे, दर अर्ध्या तासाने. छोट्याला एक लहान चमचा. पाकिटावरच्या मापाने केलेलं साधं ओआरएसही चालतं. आवडत नसेल तर जबरदस्ती नको. पाणी ताजं हवं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, पिंपात चार दिवसांचं साठवण असतं; आजारी कुत्र्याला आपण पितो तेच पाणी द्या आणि भांडं घासून घ्या.

पडताळा: दोन-तीन तास पाणी टिकलं? टिकलं तरच पुढे. नाही टिकलं तर टप्पा ७.

३. अन्नाला सहा ते आठ तास विश्रांती, जास्तीत जास्त बारा. पिल्लांना आणि पॉमेरेनियनसारख्या लहान जातींना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर उतरते.

४. पहिलं अन्न: गिजगा शिजवलेला भात दोन-तीन भाग, कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं कोंबडीचं मांस एक भाग. मीठ, हळद, तेल, फोडणी काही नाही. शाकाहारी घरात मुगाच्या डाळीची बिनफोडणीची पातळ खिचडी चालते. पहिला घास एका मोठ्या चमच्याएवढा. दोन तास थांबा. टिकला तर पुढचा थोडा मोठा. दिवसाचं जेवण पाच-सहा वाट्यांत.

५. दोन-तीन दिवस हेच. मग नेहमीचं अन्न पाव, अर्धं, पाऊण असं चार दिवसांत वाढवा.

इथली ठरलेली चूक म्हणजे तिसऱ्या जेवणालाच दूध-भाकरीवर येणं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही आणि दुखावलेल्या पोटाला तर मुळीच नाही. भाकरी पूर्ण बरं झाल्यावर, भिजवून.

सावधान: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कधीच नाही. उलटी थांबवायची माणसांची गोळीही स्वतःच्या मनाने नाही: आतडं अडकलेलं असेल तर मेटोक्लोप्रमाइडने ते आणखी जोराने आवळतं, आणि इतर गोळ्यांनी उलटी दबून खरा आजार दिसेनासा होतो. मेडिकल दुकानदाराने ‘लहान मुलांचं आहे, चालतं’ म्हटलं तरी नाही.

चोवीस तासांत पूर्ण आराम नसेल तर दवाखाना.

## टप्पा ७: दवाखान्यात जाताना

आधी फोन करा. पार्व्होची शंका असेल तर तसं सांगा आणि पिल्लाला खाली सोडू नका, मांडीवर किंवा खोक्यातच ठेवा. वेटिंगमधल्या दुसऱ्या पिल्लांना लागण होते. ओकणाऱ्या कुत्र्याचं तोंड गाडीत बांधू नका, ओकलेलं श्वासनलिकेत जातं. पट्टी फक्त इंजेक्शनच्या वेळी, डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढाच वेळ. रिक्षात त्याला कुशीवर झोपवा, मान मोकळी.

व्हिडिओ, फोटो, नमुना, वही, लसीचं कार्ड, औषधाचं पाकीट सोबत. घरात कुणी गुपचूप काही खायला दिलं असेल तर निघण्याआधी विचारून घ्या आणि न रागावता विचारा. लहान मुलं मारायच्या भीतीने सांगत नाहीत आणि त्या एका उत्तरावर उपचार ठरतो.

‘इंजेक्शन दिलं, उलटी थांबली’ एवढ्यावर परत येऊ नका. विचारा: कशामुळे झाली असं वाटतं? रक्ततपासणी किंवा एक्स-रे लागेल का? आज काय खायला द्यायचं? रात्री काय दिसलं तर परत आणायचं? सलाईन तीन दिवस सांगितलं असेल तर पहिल्या दिवसानंतर कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून बंद करू नका.

## टप्पा ८: घरी परतल्यावर

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हिरड्या, ताप, पाणी किती प्यायलं, लघवी झाली का, एवढं वहीत लिहा. द्राक्षं किंवा विषाच्या रुग्णात लघवी कमी होणं किंवा बंद होणं दिसलं तर लगेच फोन.

पार्व्हो निघाला असेल तर साफसफाईत कसूर नको. हा विषाणू फिनाइलला आणि साध्या साबणाला दाद देत नाही आणि जमिनीवर अनेक महिने टिकतो. आधी घाण पूर्ण काढा, फरशी धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी, भांडी, साखळी सगळं दहा मिनिटं ओलं ठेवा आणि स्वच्छ धुवा. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. अंथरूण जाळून किंवा बांधून टाका. मातीच्या अंगणावर ब्लीचचा भरवसा धरू नका. तिथे ऊन पडू द्या. नवं पिल्लू आणायचंच असेल तर लसी पूर्ण झालेलं आणा, आणि तेही डॉक्टरांना किती महिने थांबायचं हे विचारून.